उभ्या मालाचे नियोजन

मालवाहतूक नियोजन या विषयाची सर्वमान्य व्याख्या अशी सांगता येईल की, कोणता माल कोठून निघेल, कोठे जाईल, कोणत्या मार्गाने व कोणत्या वाहनातून जाईल आणि त्याला किती खर्च येईल, याचा पुढील पंधरा-वीस वर्षांचा अंदाज बांधून त्या अंदाजाप्रमाणे रस्ते, रूळ, गोदामे आणि ट्रकतळ यांची आगाऊ तजवीज करणे. व्याख्या निर्दोष आहे. अडचण एवढीच की, राज्य शासनात बसून हे काम करणाऱ्या नियोजकाच्या अखत्यारीत या व्याख्येतील फारच थोड्या गोष्टी येतात. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने, म्हणजे केंद्र आणि राज्ये यांच्यात विषयांची वाटणी करणाऱ्या परिशिष्टाने, रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग हे दोन्ही विषय केंद्राच्या पदरात टाकले आहेत. यंत्रचलित वाहने समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांच्याही आणि म्हणून अडचणीच्या वेळी दुसऱ्याच्या मानल्या जाणाऱ्या सूचीत आहेत. ट्रक खाजगी मालकाचा असतो आणि माल शेतकऱ्याचा किंवा व्यापाऱ्याचा असतो. एवढी वाटणी झाल्यावर राज्याच्या नियोजकाकडे उरतात ते राज्यमार्ग, जिल्हा मार्ग आणि एक रंगीत नकाशा. त्यांपैकी नकाशाची अवस्था सर्वांत चांगली असते.

अमेरिकेत हा धंदा रीतसर मानला जातो. तेथील संघशासनाने २०१५ च्या कायद्याने मालवाहतुकीसाठीचा निधी घेणाऱ्या प्रत्येक राज्याला स्वतःचा मालवाहतूक आराखडा करणे भाग पाडले आणि २०२१ च्या कायद्याने तो पाच वर्षांऐवजी दर चार वर्षांनी नवा करावयास सांगितले; त्यामुळे तेथील राज्यांच्या वाहतूक खात्यांत मालवाहतूक नियोजक या नावाचा माणूस खुर्चीवर बसलेला सापडतो. महाराष्ट्रात हेच काम सार्वजनिक बांधकाम, परिवहन, उद्योग, पणन आणि नगररचना अशा अनेक विभागांत विभागलेले असल्यामुळे येथील मालवाहतूक नियोजक ही व्यक्ती नसून ती एक बैठक असते. या बैठकीला नियोजकाचे सर्व गुणधर्म असतात, म्हणजे तिला दूरदृष्टी असते, आकडेवारी असते, चहा असतो; फक्त ती संपल्यावर नियोजक शिल्लक राहत नाही.

या बैठकीपुढे जो नकाशा मांडला जातो त्यात खानदेश हटकून मध्यभागी येतो. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर–कोलकाता हे देशातील दोन मोठे रस्ते धुळ्याला एकमेकांना छेदतात आणि सोलापूरकडे जाणारा तिसरा तेथूनच फुटतो. जळगावला सुरतेकडून येणारा ताप्तीकाठचा लोहमार्ग मुंबईहून येणाऱ्या लोहमार्गाला मिळतो, आणि तेथून थोड्याच अंतरावर भुसावळचे प्रचंड यार्ड पसरलेले आहे. कोणत्याही पाठ्यपुस्तकाप्रमाणे अशा जागी माल झरझर वाहायला हवा. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्याने ठरवले गेले, तेव्हा पूर्वीच्या ३ क्रमांकाच्या महामार्गाचा धुळ्यापासून नाशिककडचा भाग ६० झाला आणि इंदूरकडचा भाग ५२ झाला, सोलापूरचा २११ देखील ५२ मध्येच विलीन झाला, आणि ६ चा ५३ झाला. कागदावर हा बदल एका अधिसूचनेने झाला. रस्त्यावर मात्र ट्रकचालक अजूनही 'सहा नंबर' असेच म्हणतात, आणि धुळे शहराच्या मुख्य बाजारपेठेला आग्रा रोड म्हणतात, जेथून आग्र्याला जायला निघालेल्या माणसाला आधी खरेदीला आलेल्या गर्दीतून वाट काढावी लागते.

खानदेशातील मालवाहतुकीचा पहिला निरीक्षण-अहवाल कोणत्याही खात्याने केलेला नाही. तो सतराव्या शतकात ज्याँ-बातिस्त ताव्हर्निए या फ्रेंच रत्नव्यापाऱ्याने केला. सुरतेहून नवापूर, नंदुरबार, बऱ्हाणपूर या वाटेने आग्र्याकडे गेलेल्या या माणसाने आपल्या प्रवासवर्णनात धान्य आणि मीठ वाहणाऱ्या बैलांच्या तांड्यांबद्दल लिहून ठेवले आहे. एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असत, आणि अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला की प्रवाशाला तो पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे. या नोंदीचे शास्त्रीय महत्त्व असे की, माल किती वेगाने गेला हे न सांगता त्यामुळे माणूस किती वेळ थांबला हे ती सांगते. ताव्हर्निएनंतर मालवाहतुकीचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले, आणि पुढे जाता जाता त्याने नेमकी हीच गोष्ट मोजणे सोडून दिले.

आजचे शास्त्र वाहन मोजते. त्याची मोजणी कशी होते हे समजून घेण्यासाठी भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेकडे वळावे लागते, जिचा निवडणुकीशी काही संबंध नाही. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील रस्तेविकास समितीच्या शिफारशींनंतर १९३४ साली ही अभियंत्यांची संस्था निघाली, आणि देशातील रस्त्याचा उतार किती असावा येथपासून वाहन कसे मोजावे येथपर्यंत सर्व काही तीच ठरवते. तिच्या पद्धतीप्रमाणे वाहनगणना वर्षातून निदान दोनदा करावयाची असते, एकदा सुगीच्या दिवसांत आणि एकदा मंदीच्या दिवसांत, दर वेळी सलग सात दिवस आणि रात्री. रस्त्यावर एक कल्पित रेषा धरून ती ओलांडणाऱ्या प्रत्येक वाहनासाठी तक्त्यावर एक उभी काडी मारायची असते. परंतु सायकल आणि चौदाचाकी ट्रक यांची बेरीज करता येत नाही, म्हणून प्रत्येक वाहनाचे प्रवासी मोटार एककात, म्हणजे 'हे वाहन किती मोटारींइतकी जागा अडवते' या मापात, रूपांतर केले जाते. ग्रामीण रस्त्यांसाठीच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत मोटार एक धरली आहे, सायकल अर्धी, ट्रक किंवा बस तीन, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर साडेचार, हातगाडी तीन, घोडागाडी चार आणि बैलगाडी आठ. या कोष्टकाच्या दृष्टीने केळीची हातगाडी आणि केळीचा ट्रक यांची योग्यता एकच आहे, आणि कापूस भरलेली एक बैलगाडी अडीच ट्रकांनाही भारी पडते. ज्या शेतकऱ्याची दखल इतर कोणत्याही कार्यालयात घेतली जाताना दिसत नाही, त्याच्या बैलगाडीला महामार्गाच्या हिशेबात आठ मोटारींचा मान आहे, हे राज्यकारभारातील समतेचे एक दुर्लक्षित उदाहरण म्हणता येईल. मात्र या सगळ्या कोष्टकात एक फट आहे. जे वाहन रेषा ओलांडते तेच मोजले जाते. रेषेच्या दहा फूट अलीकडे दिवसभर उभ्या असलेल्या ट्रकची किंमत शून्य असते.

गणनेच्या जोडीला उगम-गंतव्य सर्वेक्षण नावाचा प्रकार असतो, ज्यात पोलिसाच्या मदतीने वाहन थांबवून चालकाला माल कोठून आणला, कोठे नेतो, कोणता आहे आणि किती आहे हे विचारले जाते. प्रश्न विचारणारा सहसा पदविकेचा विद्यार्थी असतो आणि उत्तर देणारा रात्रभर गाडी चालवून आलेला असतो, त्यामुळे संवादाला दोन्हीकडून फारशी उमेद नसते. "दादा, माल कुठे चालला?" या प्रश्नाला "मालकाले इचार ना भो," हे उत्तर मिळाले की विद्यार्थी ते 'अन्य' या रकान्यात लिहितो, आणि "वजन किती?" या प्रश्नाला देशातील तमाम चालक एकच उत्तर देतात, ते म्हणजे "पासिंगाइतकंच." पासिंग म्हणजे परिवहन कार्यालयाने त्या गाडीला मंजूर केलेले वजन. भाषा, प्रांत, धर्म यांनी विभागलेल्या या देशात लक्षावधी माणसांनी पूर्वसंकेताशिवाय अक्षरशः तेच उत्तर द्यावे, ही राष्ट्रीय ऐक्याची खूण असली तरी सांख्यिकीच्या कामाची नाही.

वजनाची ही चौकशी वरकरणी दिसते तितकी भोचक नसते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर दिवसरात्र ट्रक फिरवण्याचा प्रयोग झाला, आणि त्यातून असे दिसले की ट्रकच्या एका आसावर, म्हणजे चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्यावर, येणारे वजन वाढले की रस्त्याची हानी त्या वाढीच्या साधारण चौथ्या घातात वाढते. याला चतुर्घात नियम म्हणतात. वजन दुप्पट झाले तर हानी दुप्पट न होता सोळापट होते. केंद्र शासनाने जुलै २०१८ मध्ये चार टायरांच्या एकेरी आसाला मंजूर असलेले वजन १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेले, ही वाढ टक्क्यांत पाहिली तर तेराच्याही आत आहे. चौथा घात घेतला तर रस्त्याची झीज सुमारे साठ टक्क्यांनी वाढते. अर्थात पूर्वी ट्रक १०.२ टनच वाहत होते असे गृहीत धरले तरच हे गणित खरे. प्रत्यक्षात कायदा ट्रकच्या मागून धावत येऊन धापा टाकत त्याच्या बरोबरीला पोहोचला, असे म्हणणे अधिक अचूक होईल.

त्यातही खानदेशचा माल वजनाच्या मापाला सरळ बसत नाही. मालवाहतुकीचे मूळ एकक टन-किलोमीटर आहे, म्हणजे एक टन माल एक किलोमीटर गेला की एक एकक. जळगावात प्लास्टिकच्या पाइपांचा आणि ठिबक सिंचनाच्या साहित्याचा मोठा उद्योग आहे, आणि पाइप ही वस्तू अशी आहे की तिने ट्रक काठोकाठ भरला, ताडपत्रीवर दोर आवळला, तरी वजनकाट्यावर तो निम्मा रिकामाच निघतो, कारण पाइपाच्या आत मुख्यतः हवा असते. मोठ्या पाइपात मधला आणि मधल्यात धाकटा सरकवून ही हवा कमी करण्याचा उपाय केला जातो, पण गिऱ्हाइकाला एकाच मापाचे पाइप हवे असले की तो खुंटतो. घनफळाच्या हिशेबाने पाहिले तर जळगावातून देशभर जाणाऱ्या वस्तूंमध्ये हवेचा क्रमांक बराच वर लागेल, आणि टन-किलोमीटरच्या कोष्टकात मात्र तिचा उल्लेखही सापडणार नाही. डाळ याच्या अगदी उलट आहे. येथील डाळ मिलचा माल पोत्यांत गपगुमान बसतो, ट्रक अर्धा भरला तरी पासिंग पुरे होते, आणि उरलेली अर्धी मोकळी जागा पाहून मालकाचा जीव तळमळतो; 'पासिंगाइतकंच' हे उत्तर बहुधा याच तळमळीतून जन्माला आले असावे. कापूस या दोहोंमध्ये येतो. शेतातून निघताना तो पाइपाच्या बाजूचा असतो, ट्रॉलीच्या चारही अंगांनी बाहेर डोकावून साडेचार मोटारींची जागा सहा-सात मोटारींपर्यंत वाढवतो, आणि जिनिंग-प्रेसिंगमध्ये सरकी काढून, दाबून १७० किलोंची गाठ बांधली गेली की शहाण्यासारखा डाळीच्या पंगतीला जाऊन बसतो.

हा कापूस गावातून जळगावच्या जिनिंगपर्यंत जातो तो मार्गही शासकीय दृष्ट्या लक्षणीय आहे. १९४३ साली नागपूरला प्रांतोप्रांतीच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि तिने देशाचा पहिला वीस वर्षांचा रस्तेविकास आराखडा केला, ज्याला नागपूर योजना म्हणतात. रस्त्यांची राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही उतरंड तेव्हापासून चालत आली आहे. ट्रॉली निघते ती जिल्हा परिषदेच्या ग्रामीण रस्त्याने, इतर जिल्हा मार्गही जिल्हा परिषदेचाच असतो, प्रमुख जिल्हा मार्गावर आणि राज्यमार्गावर ती सार्वजनिक बांधकाम विभागाच्या हद्दीत येते आणि अखेर केंद्राच्या राष्ट्रीय महामार्गावर चढते. चालकाला या सत्तांतराची वार्ता नसते. परंतु ज्या ठिकाणी एक हद्द संपून दुसरी सुरू होते तेथे एक खड्डा हमखास असतो, जो कोणाच्याच अंदाजपत्रकात नसल्यामुळे अत्यंत दीर्घायुषी ठरतो.

आता केळी. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या तालुक्यांतील केळी हे नियोजनशास्त्रावरील सर्वांत कठोर भाष्य आहे, कारण या सबंध व्यवस्थेत न थांबणारी तेवढी एकच वस्तू आहे. जून-जुलैत लावली तर मृगबाग, ऑक्टोबरच्या सुमारास लावली तर कांदेबाग. पहिल्या पिकाचा माल नवती, त्याच बुंध्याच्या पिलावर धरलेला पिलबाग, आणि निवडीत मागे पडलेली ती वापसी. अशी तिची स्वतःची प्रशासकीय परिभाषा असून ती शासनाच्या कोणत्याही कोष्टकाला जुळत नाही. केळीचा घड पूर्ण पिकण्यापूर्वी कच्चा असतानाच कापतात आणि पुढे तो जेथे विकायचा तेथे पिकवतात, त्यामुळे कापणीचा कोयता चालला त्या क्षणापासून घड्याळ सुरू होते. वाटेत हवा फार तापली तर माल गाडीतच पिकू लागतो, आणि तेरा अंशांच्या खाली गेली तर थंडी बाधून साल काळवंडते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या जिल्ह्यातून डिसेंबरात गोठणाऱ्या दिल्लीपर्यंत हा माल जातो. भावफलक रावेरच्या बाजार समितीचा, कान बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे आणि डोळे दिल्लीतील आझादपूरच्या मंडीकडे, अशा अवस्थेत शेतकरी कापणीचा दिवस ठरवतो, आणि तो एकदा ठरला की नियोजन, धोरण, दूरदृष्टी हे सर्व शब्द बाजूला ठेवून फक्त गाडी पाहिजे असते, तीही आजच.

केळीने नियोजनातील एका प्रतिष्ठित सिद्धान्तालाही दगा दिला आहे. न्यूटनच्या नियमाच्या धर्तीवर नियोजक असे मानतात की दोन शहरांमधील मालाची ये-जा त्या शहरांच्या आकाराच्या प्रमाणात वाढते आणि त्यांच्यातील अंतराबरोबर घटते. याला गुरुत्वाकर्षण प्रतिमान म्हणतात. या प्रतिमानाप्रमाणे रावेरची केळी बहुतांश भुसावळ, जळगाव, फार तर इंदूर किंवा नाशिकला पडायला हवी. ती हजार-अकराशे किलोमीटर उडून दिल्लीला पडते. रेल्वेने हे ओळखून सावदा आणि रावेर स्थानकांतून दिल्लीच्या आदर्शनगर स्थानकाकडे केळीच्या गाड्या सोडल्या. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला निघालेली देशातील पहिली किसान रेल्वेही जळगाव-भुसावळवरूनच गेली. रेल्वे स्वस्त पडते आणि एका वेळी पुष्कळ नेते, परंतु तिला सबंध गाडीभर माल एका वेळी एका फलाटावर लागतो, आणि केळीबागा काही बैठक घेऊन एकाच दिवशी कापणीला येत नाहीत. ट्रक महाग पडतो, पण तो बांधावर येतो आणि एका शेतकऱ्याच्या मालावर भरतो. नियोजनाच्या भाषेत याला साधननिवड म्हणतात, आणि त्यावर मोठाले प्रबंध आहेत. रावेर तालुक्यात ती 'गाडी लागली का?' एवढ्या प्रश्नात आटोपते.

गाडी लावणारा माणूस म्हणजे ट्रान्सपोर्टचा दलाल, आणि खानदेशातील मालवाहतुकीचे खरे नियोजन जर कोणी करत असेल तर तो हाच. विद्यापीठात शिकवले जाणारे वाहतूक नियोजन चार टप्प्यांत चालते: प्रथम फेऱ्या किती निर्माण होतील, मग त्या कोठून कोठे वाटल्या जातील, मग त्यांसाठी कोणते साधन निवडले जाईल आणि शेवटी कोणता मार्ग धरला जाईल. या चार टप्प्यांना सल्लागार संस्था कित्येक महिने घेतात. दलालाच्या कार्यालयात एक बाकडे, एक पंखा, बिल्टीबुकांचा, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या पावत्यांच्या पुस्तकांचा ढीग आणि दोन मोबाइल असतात, आणि हेच चार टप्पे समोरचा चहा निवण्याच्या आत उरकतात. शिवाय दलालाला एक पाचवा टप्पा ठाऊक असतो जो पाठ्यपुस्तकात शेवटच्या प्रकरणात कोठेतरी तळटीप होऊन पडलेला असतो, तो म्हणजे परतीचे भाडे. दिल्लीला गेलेला ट्रक रिकामा परत आला तर परतीचे डिझेल कोणाच्या तरी माथी बसतेच, आणि ते बहुधा जातानाच्या भाड्यात आधीच मिसळलेले असते. म्हणून गाडी परतीच्या भाड्यासाठी थांबते. ती ट्रान्सपोर्ट नगरात थांबते, ढाब्यावर थांबते, पेट्रोलपंपाच्या मागे थांबते. चालक खाटेवर आडवा होतो, क्लिनर चूल मांडतो, आणि देशाच्या अर्थव्यवस्थेतील एक चाळीस लाखांचे यंत्र झाडाच्या सावलीला उभे राहते. वाहनगणनेच्या तक्त्यात या सबंध काळाची एक काडीही नसते.

थांबण्याला शासनाने मान्यताच दिलेली नाही असे मात्र नाही. ती दिली आहे, पण वाहतूक नियोजनाने नव्हे, करविभागाने. वस्तू व सेवा कर आल्यावर २०१८ पासून ई-वे बिल, म्हणजे वाटेतील मालासोबत बाळगावयाचे संगणकीय चलन, सुरू झाले, आणि ते किती काळ वैध राहील हे अंतरावरून ठरवले गेले: प्रारंभी दर शंभर किलोमीटरला एक दिवस, आणि १ जानेवारी २०२१ पासून दर दोनशे किलोमीटरला एक दिवस. भागाकार केला तर पहिल्या नियमाने ट्रकचा वेग ताशी चार किलोमीटरांच्या आसपास येतो, जो ताव्हर्निएने पाहिलेल्या बैलांनाही साधला असता. सुधारित नियमाने तो ताशी सव्वाआठच्या आसपास जातो. महामार्ग ज्यांनी आखला त्यांनी त्यावर ताशी शंभर किलोमीटरचा वेग गृहीत धरला होता. या दोन आकड्यांतील फरक म्हणजे भरण्याची वाट, हमालांची वाट, वराईच्या म्हणजे चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीवरून होणारी घासाघीस, वजनकाट्याची रांग, हाडाखेड, नवापूर किंवा पुरनाडच्या सीमा तपासणी नाक्यावरील रांग, शहरात अवजड वाहनांना बंदी असलेले तास आणि उतरवण्याच्या ठिकाणी सापडलेली सुट्टी. करविभागाने हे सर्व मुकाट्याने जमेस धरले. ज्या खात्याला वाहतुकीशी कर्तव्य नव्हते त्यालाच ट्रकचा खरा वेग कळावा, ही गोष्ट नियोजकांनी मनाला लावून घ्यायला हवी होती. ती त्यांनी बैठकीच्या इतिवृत्तात घेतली नाही.

थांबण्याची ही कला केवळ ट्रकपुरती मर्यादित नाही. धुळ्याला १९०० साली चाळीसगावहून लोहमार्ग आला आणि तेथेच संपला. चाळीसगावहून निघालेली गाडी धुळ्याला येते आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीप्रमाणे आल्या वाटेनेच परत जाते. पुढे इंदूरपर्यंत रूळ जावेत ही मागणी करण्यात काही पिढ्या गेल्या, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला १८,०३६ कोटी रुपयांच्या अंदाजासह मंजुरी दिली. महामार्गांचेही तसेच. जळगाव शहराच्या पोटातून जाणाऱ्या जुन्या महामार्गावर अजिंठा चौफुली ते खोटेनगर या टापूत कोलकात्याचा ट्रक आणि शाळेची रिक्षा यांची गाठ पडू नये म्हणून समांतर रस्त्यांची मागणी इतकी वर्षे झाली की, ती करणाऱ्यांची मुले मतदार झाली. दक्षिणेकडे चाळीसगाव आणि कन्नड यांच्यामधील औट्रम घाटात ऑगस्ट २०२३ पासून न्यायालयाच्या आदेशाने अवजड वाहनांना बंदी आहे, त्यामुळे नकाशावरील ५२ क्रमांकाची सरळ रेघ प्रत्यक्षात वळसा घालून जाते. नकाशावर ती सरळच आहे.

राज्याने ऑगस्ट २०२४ मध्ये लॉजिस्टिक धोरण मंजूर केले, आणि त्यातील प्रादेशिक केंद्रांच्या यादीत धुळे–शिरपूर हे नाव आहे. म्हणजे गोदामे, ट्रकतळ, शीतगृहे आणि चालकांसाठी विश्रांतीची जागा एकाच ठिकाणी उभी करण्याचा संकल्प आहे. निवड योग्य आहे, हे विनोद बाजूला ठेवून सांगितले पाहिजे. आग्रा रस्ता, सुरत रस्ता आणि उद्या आलाच तर इंदूरचा रूळ यांच्या बेचक्यात याहून चांगली जागा नाही, आणि ट्रक जर थांबणारच आहे तर त्याने ढाब्यामागच्या चिखलात थांबण्याऐवजी छपराखाली, संडास-न्हाणीची सोय असलेल्या जागी आणि परतीचे भाडे मिळण्याची शक्यता असलेल्या ठिकाणी थांबावे, हे कोणालाही पटेल. पण हे केंद्र किती मोठे असावे हे ठरवायला किती ट्रक धुळ्यावरून गेले हा आकडा उपयोगी नाही. तेथे किती ट्रक, किती तास आणि कशासाठी थांबले हा आकडा लागेल, आणि तो आकडा सध्या ढाबेवाल्यांच्या उधारीच्या वह्यांखेरीज कोठे सलगपणे नोंदलेला नाही.

म्हणून येत्या सुगीच्या गणनेपूर्वी संबंधितांना एवढीच विनंती आहे की, चालकाला 'कोठून आला' आणि 'कोठे चालला' हे विचारून झाल्यावर 'या फेरीत गाडी कोठे किती तास उभी राहिली आणि कशामुळे' हेही विचारावे, आणि त्यासाठी तक्त्यात एक रकाना वाढवावा. नवा कागद छापण्याची गरज नाही. घोडागाडीचा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामाच असतो.